इथं अडकतंय

अक्का माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. त्या गळ्याकडं बघत. तुम्ही समोर उभं राहून नाव, गाव, खातं सांगत असलात तरी त्यांची नजर तुमच्या हनुवटीच्या चार बोटं खाली खिळलेली. नवख्या माणसाला वाटायचं, शर्टाची गुंडी तुटली की काय. मीही पहिल्या दिवशी दोनदा कॉलर चाचपली.

"कॉलर ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "हे पाणी घे. पिऊन दाखव."

मी प्यालो. पाणी गळ्यातून खाली जाईपर्यंत त्यांची नजर त्याच्यामागून गेली.

"ऱ्हा. सरळ उतरतंय तुझं."

अशा रीतीनं लातुरात माझी जेवणाची सोय झाली.

लातूरचा तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी मूळचा लोह्याचा, नांदेडच्या कचेरीतून बदलून आलेला साधा कारकून. नव्या जिल्ह्यात खाती आली होती पण टेबलं आली नव्हती. उस्मानाबादहून फायली पोत्यांत भरून यायच्या आणि त्याच पोत्यांवर बसून आम्ही त्या निकाली काढायचो. बायकापोरं गावाकडं ठेवून आलेल्या माणसांची खरी पंचाईत जेवणाची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत शिवकांताबाईंची खानावळ होती, तिथं आम्ही बारा जण जेवायचो. शिवकांताबाई हे नाव फक्त भिंतीवरच्या परवान्यात. बाकी सगळ्यांच्या त्या अक्का.

वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं चांदीच्या करंड्यातलं लिंग. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माहेर निलंग्याच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या शिवेला. त्यामुळं खुशीत असल्या की "ऊटा आयता?" असं कानडीत जेवणाचं विचारायच्या. वाढताना पुरे म्हणायचं तर "साकु" म्हणावं लागायचं. "बस" म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे.

पंगत बसली की अक्का उंबऱ्याशी पाटावर बसून पहारा करायच्या. "चाव. अजून चाव. पावसात सापडल्यासारखं काय पळायलास? आता गिळ. खाली गेलं का?" जेवण कसं झालंय, मीठ बरोबर आहे का, असले प्रश्न त्यांनी कधी विचारले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच. खाली गेलं का? कुणी बोलता बोलता घास गिळला तर त्याची वाटी मागं ओढायच्या. कुणाला ठसका लागला तर त्या दिवशी त्याला भाकरी नाही, दूधभात. आमची नावंही त्यांनी गळ्यावरून ठेवलेली. पाटबंधारे खात्याचे जोशी म्हणजे 'उडी मारणारं नरडं', कारण त्यांचा कंठमणी घासागणिक वरखाली व्हायचा. मी 'घटाघटा'.

ह्या सगळ्याचं मूळ अक्कांच्या स्वतःच्या गळ्यात होतं. गेली तीन वर्षं त्यांना काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. पाणी जायचं, ताक जायचं, वरणात कुस्करलेली भाकरी कशीबशी जायची. पण कोरडा घास घेतला की कंठाच्या खळगीवर बोट ठेवून म्हणायच्या, "इथं. ह्या इथं अडकतंय."

काय अडकतंय, ह्याचा शोध खानावळीत कायम चालू असे. लहानपणी गिळलेली बोराची आठळी हा त्यांचा पहिला संशय. आठळी चाळीस वर्षं गप्प बसून आत्ताच का बोलायला लागली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आधी पाणी होतं बाबा, भिजून ऱ्हायची. आता दुष्काळ पडलाय, सुकून टोचायली." दुष्काळ तर खरंच पडला होता. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. गल्लीतली विहीर तळाला गेली होती, टँकर दोन दिवसांआड यायचा आणि जेवताना प्रत्येकाला मोजून एक तांब्या मिळायचा.

दुसरा संशय डोकेदुखीच्या गोळीवर. टँकर आला नव्हता अशा एका दिवशी अक्कांनी गोळी कोरडीच गिळली होती. "एका गोळीपायी घोटभर पाणी कोण घालवील? तीच बसलीया तिथं." गोळी बसली असती तर डोकं दुखायचं थांबलं असतं, असं जोशी म्हणाले. अक्कांनी विचार केला आणि सांगितलं, "थांबलंयच की. त्या दिसापासून डोकं दुखलं न्हाई बघा."

मग बारा माणसं आणि बारा खाती. जो तो आपापल्या खात्याप्रमाणं निदान करी. जोशी म्हणाले, गाळ साचला असणार, वरून जोरात पाणी सोडा. पोलिसातले शिंदे म्हणाले, संशयित तिथल्या तिथंच फिरतोय, लक्ष ठेवा. मोजणी खात्याचे गायकवाड जरा शिकलेले. त्यांनी वाचलं होतं की गळ्यात एक ग्रंथी असते, ती सुजली की अन्ननळी दाबते आणि गळा बाहेरून जाड होतो. मग दर सोमवारी, आंघोळ-पूजा उरकून अक्का ताठ बसत आणि नव्या जिल्ह्याच्या हद्दी मोजायला आलेला माणूस कापडी फितीनं त्यांच्या गळ्याचा घेर मोजी. साडेबारा इंच. पुढच्या सोमवारी साडेबारा इंच. सहा महिन्यांत एक सूतही फरक नाही.

"तुमची फीत सरकारी हाय," अक्का नाराजीनं म्हणाल्या. "खरं सांगायची न्हाई."

एकदा त्यांना वाटलं, लिंगाचा दोरा आखूड झालाय, त्याचाच दाब पडतोय. दोरा चार बोटं लांब केला. पंधरा दिवस बरं वाटलं. मग पुन्हा बोट खळगीवर.

डॉक्टर त्यांना वर्ज्य नव्हते, फक्त गल्लीच्या बाहेरचे वर्ज्य होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पित्त म्हणून गुलाबी औषध दिलं. पित्त घशापर्यंत चढलं की असं वाटतं म्हणे. औषधानं छातीतली जळजळ गेली, अडकणं राहिलं. दुसरा नवा होता, दवाखाना उघडून आठवडा झालेला. त्यानं टॉर्च मारली आणि भाबडेपणानं विचारलं, "माशाचा काटा वगैरे गेला नाही ना?"

तिथून अक्का उठल्या त्या थेट खानावळीत. चेहरा लाल. "काटा! माशाचा! गळ्यात लिंग हाय माझ्या, त्येला दिसंना का? एवढ्या मोठ्या बॅटरीत दिसंना?" त्यानंतर 'टॉर्च' हा खानावळीत कितीतरी दिवस शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द होता.

आम्ही हसायचो, हे कबूल करतो. पण हसता हसता एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. अक्का वाळत चालल्या होत्या. बाजारात पालेभाजी औषधालाही नव्हती, आणि असती तरी तिचा घास त्यांच्या गळ्याखाली गेला नसता. पातळ ताक आणि तांदळाची पेज, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. तोंड पिठासारखं पांढरं पडलेलं, ओठांचे कोपरे चिरलेले. घागर उचलली की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "ऊन लई हाय."

आणि दुपारी, खानावळ रिकामी झाल्यावर, स्वयंपाकघरातून एक आवाज यायचा. कुरुम, कुरुम. सुट्टीच्या दिवशी मी डुलकी काढायला तिथंच लवंडायचो, म्हणून मला ऐकू आला. आत डोकावलो तर अक्का चुलीकडं तोंड करून बसलेल्या, मांडीवर पाटीच्या पेन्सिलींचा डबा, आणि एकेक पेन्सिल शेवेसारखी दातांनी मोडून चालली होती.

मला बघून त्यांनी डबा पदराखाली घेतला. "दात घासायलेय," म्हणाल्या.

"अक्का, भाकरी उतरत नाही आणि पेन्सिल उतरते?"

"तिचं पीठ होतंय. गप बस. बाराच्या बारा खात्यांत सांगू नको."

मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

पुढं एका दुपारी ते घडलं. वाढून झालं होतं, अक्कांनी उरलेल्या भाकरीचा तुकडा सहज तोंडात टाकला, आणि तो अडकला. खाली जाईना, वर येईना. आवाज नाही, नुसते डोळे मोठे झालेले आणि हात खळगीवर. गायकवाडांनी उठून त्यांना वाकवलं आणि पाठीत चार दणके घातले. तुकडा बाहेर पडला. अक्का जमिनीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तुम्ही उठू नका. ताटावरून उठू ने."

त्या दिवशी बारापैकी कुणीच हसलं नाही. नांदेडला माझ्या मावशीच्या ओळखीत घशाचे एक जुने डॉक्टर होते, कादरी नावाचे. मी म्हणालो, उद्या निघायचं.

"नळी घालतेत म्हणं," अक्का म्हणाल्या. "मी न्हाई येणार."

गायकवाड म्हणाले, "मग आम्ही बी जेवणार नाही."

अक्कांवर दुसरा कुठलाच इलाज चालला नसता. खानावळ जोशींच्या हवाली करून त्या माझ्याबरोबर निघाल्या. जोशींनी त्या आठवड्यात जे वरण केलं त्यात पाटबंधारे खातं स्वच्छ दिसत होतं, असं मला नंतर कळलं.

एस.टी.त अक्कांनी अहमदपूरपर्यंत कंडक्टरचा गळा न्याहाळला. शेवटी त्याला बोलावून सांगितलं, "बाबा, शिटी फुंकताना शीर फुगतीया तुझी. जरा हळू फुंकत जा." मग मात्र लोहा मागं पडलं तशा खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर काळी रानं नुसती भेगाळून पडली होती.

डॉक्टर कादरी सत्तरीला आलेले, बोलणं शांत, थोडं उर्दू वळणाचं. अक्कांनी बसल्या बसल्या मान वर करून गळा पुढं केला. डॉक्टरांनी तिकडं पाहिलंच नाही. त्यांनी हात मागितला आणि नखं बघत बसले. नखं चपटी, मधे चमच्यासारखी खोलगट. मग खालची पापणी ओढून पाहिली. मग जीभ.

"घसा वर हाय, डाक्टर सायब," अक्का म्हणाल्या. "नखं काय बघायलाव?"

"घशात बी बघतो, बाई. आधी एक सांगा. माती, कच्चे तांदूळ, खडू, असलं काही खावंसं वाटतं का?"

अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच चुगली केली. मी मान हलवून नाही म्हटलं.

"पाटीची पेन्सिल," त्या हळूच म्हणाल्या.

"रोज किती?"

"डबा... आठ दिस जातोय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. असं अडकल्यासारखं वाटायला बरीच कारणं असतात. पित्त वर चढतं, त्यानं नळी सुजते, कधी आकसते. ग्रंथी वाढून दाबते. कुणाला नुसत्या काळजीनं गोळा आल्यासारखा वाटतो, पण त्याचं जेवण नीट जातं, अडकत नाही. कुणाला गाठ असते, ती मात्र लवकर बघावी लागते. आणि एखाद्या बाईचं रक्त फार कमी झालं, वर्षानुवर्षं कमी राहिलं, तर अन्ननळीत वरच्या बाजूला कधी कधी एक पातळ पडदा धरतो. अशा बायकांनाच माती आणि खडू खावासा वाटतो. "मला तुमचं तसं वाटतं. पण वाटून चालत नाही. फोटो काढू, मग नळीनं बघू."

फोटोसाठी त्यांना एक पांढरं, खडूच्या पाण्यासारखं दाट औषध पाजलं. बाकीचे पेशंट ते नाक दाबून कसंबसं संपवत होते. अक्कांनी ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि विचारलं, "अजून हाय का?"

फोटोत दिसलं. गळ्याच्या वरच्या भागात, पुढून आत आलेली एक बारीक रेघ. हाच तो पडदा म्हणून डॉक्टरांनी ती बोटानं दाखवली. अक्का फोटोकडं बघत राहिल्या. तीन वर्षांचा वाद त्या रेघेनं मिटवला होता. पण त्यांना आनंद झाला नाही. नळी घालू देणार नाही, ह्यावरच त्या अडून बसल्या.

"दुखणार नाही, भूल देऊ," डॉक्टर म्हणाले. "कशाची भीती वाटते?"

"भीती न्हाई."

"मग?"

अक्कांनी पदर तोंडावर ओढला. मग ते सांगितलं, जे खानावळीतल्या बारा जणांपैकी कुणाला माहीत नव्हतं. आमच्याशी नव्हे, डॉक्टरांच्या टेबलाशी बोलल्यासारखं.

"आमचे मालक गंजात अडत्याकडं मुनीम होते. रातच्याला अर्धी भाकरी ठिवायचे. म्हणायचे, भाकरी कडक झालीया. मी म्हणायची, माझ्या हातची भाकरी वीस वर्सं मऊ होती, आताच कशी कडक झाली? बाहेर कुठं खाऊन येताव? लई बोलले मी त्येंला. मग बोलनंच सोडलं. दोन महिने. ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. ते आपले पाण्यासंगं उतरवायला बघायचे. माझ्या म्होरं त्येंनी कधी बोट ठिवून दाखवलं न्हाई. शेवटाला पाणी बी उतरंना तवा सोलापूरला नेलं. गाठ म्हणाले. उशीर झाला म्हणाले."

पदराआडूनच त्या म्हणाल्या, "मला अडकायला लागलं तवा समजलं. भाकरी कडक लागतीच की. खोटं न्हवते बोलत ते."

"लवकर आणलं असतं तर, डाक्टर सायब?"

"काहींचं बरं होतं. काहींचं नाही होत. मी त्यांना पाहिलं नाही, बाई. खोटं कसं सांगू?"

"मग तुम्हीच सांगा. त्येंला अडकलं तवा मी भांडले. आता मला अडकतंय, तर मी कुठल्या तोंडानं इलाज करू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इलाज तोंडानंच करावा लागतो, बाई," ते म्हणाले. "दुसरीकडून नळी जात नाही. सकाळी उपाशीपोटी या."

अक्का पदराआड हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. पण सकाळी सहाला आंघोळ करून, भस्म लावून त्या मावशीच्या दारात माझी वाट बघत उभ्या होत्या.

पडदा पातळ होता. नळी जाताना फाटला. गाठ कुठं नव्हती. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, सहा महिने चुकवायच्या नाहीत म्हणाले, आणि गूळ, खजूर, मिळेल ती पालेभाजी खायला सांगितली. ह्या गोष्टी कुठून आणायच्या ते दुष्काळाला विचारा, असं अक्का पुटपुटल्या. दोन दिवस पातळ, दोन दिवस मऊ, आणि पाचव्या दिवशी, हळूहळू, भाकरी. पेन्सिलींचं डॉक्टर म्हणाले, रक्त वाढलं की आपोआप सुटतील. तशा त्या पुढं महिन्याभरात सुटल्या. उरलेला डबा अक्कांनी शेजारच्या बालवाडीला देऊन टाकला आणि मास्तरीणबाईंना बजावलं, "पोरी खातेत का बघत जा."

पाचव्या दिवशी आम्ही परत निघालो. वाटेत लोह्याला माझं घर, आईनं उतरायला सांगितलं होतं. आईला अक्कांची एवढीच माहिती होती की लातुरात ह्या बाई आपल्या पोराला जेवू घालतात. तिनं त्यांना पाटावर बसवलं. आमच्याकडंही पाण्याची ओढच होती, पण आईनं तांब्या काठोकाठ भरून ठेवला. तव्यावरून काढलेली ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं, ताटाच्या कडेला ठेचा.

अक्कांनी पिठल्याला हात लावला नाही. भाकरीचा कोरडा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावला. मी दाराशी उभा होतो. तुकडा गेला. त्यांचं बोट गळ्याकडं निघालं होतं, ते अर्ध्यावर थांबलं. दुसरा तुकडा मोडला. तोही गेला. तिसरा.

"कडक तर न्हाई ना झाली?" आईनं विचारलं. "पीठ जरा जुनं हाय."

अक्कांनी मान हलवली. नाही. चौथा तुकडा त्यांनी नुसता हातात धरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

आई घाबरली. "अगं बाई, तिखट लागलं का? दही आणू का?"

"हाव," अक्का म्हणाल्या. "जरासंक तिखट हाय."

आई दही आणायला आत गेली. अक्कांनी तो तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावू लागल्या. ठेच्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.